माती बघून पाणंद धरा

महामार्गाचा मोह सोडायचा, हा पहिला कानमंत्र. कागलकडून निपाणी, संकेश्वर करत बेळगावला येणारा पुणे-बंगळूर रस्ता गुळगुळीत आहे, पण तो सायकलवाल्याचा नाही. तवंदी घाटात मागून भरलेले कंटेनर येत असतील, तर स्तवनिधीचा डोंगर बघायला मान वर करायचीही सोय राहत नाही. त्याच रस्त्यावरून थोडं आत उतरा. अक्कोळ, गळतगा, भोज, कारदगा या अंगाला गावाला गाव जोडणाऱ्या पाणंदी आहेत. दोन्हीकडे ऊस, मधे मुरमाची वाट, आणि रहदारी म्हणाल तर वैरण घेऊन निघालेली एखादी मोटारसायकल. पोरांनो, जाड टायरच्या ज्या सायकली तुम्ही हौसेनं घेतल्यात, त्या इथं चालवायच्या.

पण पाणंद निवडायची ती माती बघून. मोबाइलच्या नकाशात सगळ्या वाटा सारख्याच बारीक रेघांनी दाखवतात. त्या रेघेखाली काळी आहे, तांबडी आहे की चुनखडी, हे नकाशा सांगत नाही, आणि सगळा खेळ तर त्याच्यावरच आहे.

निपाणीकडची काळी जमीन आधी समजून घ्या, कारण तीच जास्त फसवते. मृगाचा पाऊस पडला की दसऱ्यापर्यंत, मुरूम न टाकलेल्या काळ्या पाणंदीत शिरू नका. ओली काळी माती टायरवर थरावर थर चढते, टायर आणि फोर्क यांच्यामधल्या फटीत गच्च बसते आणि बघता बघता चाक फिरायचं थांबतं. अशा वेळी जोर करून पेडल मारलं तर मागचा डिरेलर ओढला जातो आणि त्याचा हँगर मोडतो. मग घरापर्यंत ढकलत या. त्यापेक्षा तिथंच उतरा, सायकल उचला आणि बांधावरच्या हरळीवरून चाला. गवतावर चाक फिरवलं की निम्मी माती आपोआप सुटते. उरलेली काढायला हातभर लाकडी चपटी काडी फ्रेमला बांधून ठेवावी. लोखंडी वस्तूनं खरवडू नये.

दिवाळीनंतर हीच वाट टणक होते, पण तेव्हा गाळप सुरू झालेलं असतं. हालसिद्धनाथ असो की संकेश्वरचा हिरण्यकेशी, कारखाने पेटले की उसाचे ट्रॅक्टर रात्रंदिवस चालतात आणि ओल्यात पडलेली चाकोरी वाळून दगडासारखी होते. पुढचं चाक चाकोरीत गेलं तर तिरपं बाहेर काढायला जाऊ नका, हमखास पडाल. सरळ चालवत राहा, किंवा थांबून उचलून घ्या. शक्यतो मधल्या उंचवट्यावरूनच जावं. समोरून दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर आला तर आपणच बांधावर चढायचं, कारण त्याला ना पटकन थांबता येतं ना मागं सरकता येतं. आणि वळणावर आतल्या बाजूला कधीही उभं राहू नका. ट्रॅक्टर निघून जातो, पण मागची ट्रॉली आत कापत येते. हे एवढं एक वाक्य जरी लक्षात ठेवलंत तरी माझं सांगणं कामाला आलं.

वेदगंगा-दूधगंगेवरचे बंधारे हा या भागातल्या सायकलीचा खरा आनंद आहे. सकाळच्या वेळी बंधाऱ्यावरून पलीकडच्या गावात उतरताना एका अंगाला तुडुंब पाणी आणि दुसऱ्या अंगाला उघडा दगडगोटा दिसतो. पण जत्राट-भिवशी, अक्कोळ-सिदनाळ, भोजवाडी-कुन्नूर, कारदगा-भोज हे पाण्याखाली जाणारे मार्ग आहेत, दर पावसाळ्यात पेपरात यांचीच नावं असतात. वरून पाणी वाहत असेल तर ते घोट्याएवढं दिसलं तरी सायकल घालायची नाही. कठडा नसतो, शेवाळ असतं, आणि वाहतं पाणी चाकाला आडवं ढकलतं.

वाट विचारण्याचीही रीत आहे. ‘ही वाट अमुक गावाला जाते का?’ असं विचारलंत की माणूस ‘जाते की’ म्हणणारच, कारण चालत ती जातेच. विचारायचं असं: ‘ट्रॅक्टर जातो का?’ आणि ‘ओढ्याला पाणी किती आहे?’ कानडी माणूस भेटला तर ‘ट्रॅक्टर होगतदेन्री?’ एवढं बोललात तरी तो काम बाजूला ठेवून बांधापर्यंत येऊन वाट दाखवतो. आधी उतरून रामराम करा, मग विचारा. सायकलवर बसल्या बसल्या, काळा चष्मा न काढता विचारणं आपल्याकडे शोभत नाही.

रस्त्यावर वाळत घातलेलं सोयाबीन, शाळू यांवरून चाक नेऊ नका, कडेनं हातात धरून न्या. हिवाळ्याच्या शेवटी तंबाखू कापून पानं शेतातच वाळत पडलेली असतात, त्यांच्याजवळ सायकल टेकवू नका, फोटोसाठी आत शिरू नका. या पानाला भाव मिळावा म्हणून 1981 साली निपाणीच्या शेतकऱ्यांनी शेतकरी नेते शरद जोशींबरोबर महामार्गावर ठाण मांडलं होतं, गोळीबारात माणसं गेली. त्या शिवारातून जाताना एवढी जाण हवी. तंबाखूचा खाट उठतो, तेव्हा नाकाला रुमाल मात्र बांधा.

आता बेळगावच्या पश्चिमेकडं. हिंडलगा, उचगाव, बेक्किनकेरे करत वैजनाथाच्या डोंगराकडं, किंवा बेळगुंदीवरून राकसकोपच्या तलावाकडं गेलात की जांभ्याची तांबडी वाट लागते. राज्याची हद्द इथं शेतातूनच जाते, कुठं कर्नाटक संपतो आणि कुठं चंदगड तालुका सुरू होतो ते कळतही नाही. तांबडी माती पाणी लवकर पिते, म्हणून पावसाळ्यात सायकल चालवायची तर इकडं या. मात्र दोन गोष्टी सांभाळा. जांभ्यावर बारीक गोल खडे सुटलेले असतात, उतारावर त्यांच्यावर पुढचा ब्रेक दाबला की चाक निसटतंच. वळणाच्या आधी वेग कमी करायचा, वळणात ब्रेकला हात लावायचा नाही. आणि माळावर चिऱ्याच्या जुन्या खाणी असतात, सरळ तासलेल्या, कुंपण नसलेल्या, पावसात काठोकाठ भरलेल्या. अनोळखी माळावर धुक्यात किंवा अंधारात जाऊच नका. गवेही याच वेळी फिरतात. खानापूरच्या पुढं भीमगड अभयारण्याचं जंगल आहे, तिथल्या वाटा वनखात्याच्या परवानगीशिवाय आपल्या नाहीत, आणि अस्वलाच्या मुलखात परवानगी असली तरी एकट्यानं जाऊ नये.

पंक्चरबद्दल थोडक्यात. आपल्या बांधांना बाभळीच्या फांद्यांचं कुंपण असतं, तेव्हा काटा लागणारच. ट्यूबलेस असेल तर काटा काढा, भोक खाली येईल असं चाक फिरवा, आतला सीलंट भोक धरतो. ट्यूब असेल तर नवी घालण्याआधी टायरच्या आतून फडकं फिरवा. बोट फिरवू नका, काट्याचं टोक बोटात मोडतं. गावातल्या पंक्चरवाल्याचा पंप तुमच्या बारीक तोंडाच्या प्रेस्टा व्हॉल्व्हला बसत नाही. ते चिमुकलं पितळी अॅडॅप्टर खिशात असलं की कुठल्याही गावात हवा मिळते. हवाही दाबून भरू नका. 40 मिलिमीटरच्या टायरला बेताच्या वजनाच्या माणसाला 35 ते 40 पीएसआय पुरे.

खरी चुनखडी बघायची असेल तर पूर्वेला जावं लागतं, आणि एकदा तरी जावंच. गोकाकचा धबधबा ज्या कठीण वालुकाश्माच्या कड्यावरून सुमारे 52 मीटर खाली पडतो, तो ओलांडून यादवाड-लोकापूरच्या बाजूला उतरलं की जमिनीचा रंगच बदलतो. राखाडी, पापुद्र्यांचा, शंभर कोटी वर्षांहून जुना दगड. रॉबर्ट ब्रूस फूट या भूशास्त्रज्ञानं 1876 साली आपल्या दक्षिण मराठा मुलखाच्या अहवालात या खडकांचं वर्णन केलं, कलादगीचं नाव त्यांना तेव्हापासून चिकटलं. आज त्या दगडाचं सिमेंट होतं, म्हणून मोठ्या रस्त्यावर डंपर आणि पांढरी धूळ. तिथं थांबू नका. घटप्रभेच्या कालव्यांच्या कडेचे कच्चे रस्ते धरा, जिथं जायला मनाई नसेल तिथं. चढ जवळजवळ नाही, पाणी सोबतीला आणि दोन्ही बाजूंना दूरवर मोकळा मुलूख.

इथं पौष-माघात जा, पहाटे सुरू करा आणि अकराच्या आत मुक्कामी पोचा. सावली फार कमी आहे. पाणी तीन लिटर घ्याच, खिशात गूळ-शेंगदाणे. गावोगावी नाणं टाकून शुद्ध पाणी देणारी यंत्रं आहेत, पण ती कॅन भरणाऱ्यांसाठी, तेव्हा कॅन घेऊन आलेल्या माणसाला विनंती करून बाटली भरून घ्या. चुनखडीच्या पापुद्र्यांच्या कडा धारदार असतात, टायरची बाजू कापते, म्हणून जुन्या टायरचा बोटभर तुकडा आतून लावायला जवळ ठेवा. खाणीजवळ लाल निशाण किंवा भोंगा असेल तर सुरुंग उडणार आहे असं समजून मागं फिरा, पुढच्या वळणाचा मोह नको. घरी आल्यावर त्या धुळीवर आधी पाणी मारू नका. कोरड्या ब्रशनं चेन झाडा, मग ओला फडका, आणि सुकल्यावर एकेका कडीला एक थेंब तेल.