जुन्या मोटारसायकलींचा ब्रेकदिवा व त्याचा खटका

मोटारसायकलस्वार ब्रेक दाबतो तेव्हा आपले वाहन थांबत असल्याची सूचना मागून येणाऱ्यास देणे त्याला भाग असते. ही सूचना मागील तांबडा दिवा देतो, आणि त्या दिव्यास योग्य क्षणी पेटविणारा एक लहानसा खटका असतो. ताशी ४० किलोमीटर वेगाने धावणारे वाहन एका सेकंदात सुमारे ११ मीटर अंतर तोडते. खटक्याने अर्धा सेकंद उशीर केला, तर मागील चालकाच्या हातून साडेपाच मीटर रस्ता निसटतो. मुंबई–हावडा महामार्गावर वसलेल्या रायपूरसारख्या शहरात, जेथे दुचाकीमागे अनेकदा मालमोटार असते, या अंतराचे मोल वेगळे सांगावयास नको.

खटक्याची रचना

१९५५ साली मद्रास येथे एनफील्ड इंडिया कंपनी स्थापन झाली व १९६१ साली म्हैसूर येथे जावा मोटारसायकलींचे उत्पादन सुरू झाले. त्या काळच्या अनेक वाहनांत सहा व्होल्टची विद्युत्‌व्यवस्था असे. खटक्याचा एक नेहमीचा प्रकार ओढीचा होय. एका लहान डबीत दोन संपर्कबिंदू व एक सरकता दांडा असतो. दांड्यास बाहेरून एक स्प्रिंग जोडलेली असून तिचे दुसरे टोक ब्रेकच्या पायट्यास अडकविलेले असते. पायटा दाबला की स्प्रिंग ताणली जाते, दांडा सरकतो, संपर्कबिंदू जुळतात आणि प्रवाह दिव्याकडे जातो. दांडा थोडाच सरकू शकतो, पायटा मात्र बराच खाली जातो. ही जादा ओढ बाहेरची स्प्रिंग स्वतः ताणून सोसते. तिच्या जागी ताठ तार बांधल्यास डबी तुटण्याचा संभव असतो.

दिवा मंद का होतो?

सहा व्होल्टवर चालणाऱ्या १८ वॅटच्या दिव्यास ३ अँपिअर प्रवाह लागतो. म्हणजे पेटलेल्या तंतूचा रोध २ ओहम होतो. गंजलेल्या संपर्कबिंदूंनी त्यात अर्ध्या ओहमची भर घातली, तर प्रवाह २.४ अँपिअरवर उतरतो आणि दिव्यास जेमतेम साडेअकरा वॅट मिळतात. बारा व्होल्टच्या २१ वॅटी दिव्यास तेवढ्याच गंजाने सुमारे १८ वॅट तरी मिळतात. तंतू थंड झाल्यास त्याचा रोध बदलतो, म्हणून हे आकडे स्थूल मानावे. तथापि जुन्या वाहनाचा दिवा गंजापुढे अधिक दुबळा का ठरतो, हे त्यांवरून स्पष्ट होते.

रायपुरात गंजास निमित्ते पुष्कळ आहेत. जून ते सप्टेंबर या काळात जोरदार पाऊस पडतो. ‘कन्हार’ नावाने ओळखली जाणारी काळी चिकट माती पायट्यालगतच्या खटक्यावर बसते व ओल धरून ठेवते. पुढे उन्हाळ्याच्या कडक तापमानाने रबरी टोपी कडक होऊन तडकते, आणि पुढच्या पावसाचे पाणी थेट आत शिरते.

निगा

दिवा न लागल्यास प्रथम खटक्याच्या दोन तारा क्षणभर एकमेकींस जोडून पाहाव्यात. दिवा लागला तर दोष खटक्यात आहे. न लागल्यास दिवा, तार किंवा सांगाड्याशी असलेली जोडणी तपासावी. तारेचे उघडे टोक सांगाड्यास लागू देऊ नये आणि जवळपास पेट्रोल ठेवू नये. संपर्कबिंदू बारीक पॉलिश कागदाने हलके घासावेत. त्यांवर तेल किंवा ग्रीस लावू नये. बेकेलाइटची जुनी डबी ठिसूळ असते, म्हणून तिचे स्क्रू बेताने आवळावे. ब्रेकचे लायनर ढोलास टेकण्यापूर्वीच दिवा लागला पाहिजे. याकरिता आधी ब्रेक जुळवावा व मगच खटका. उलट क्रमाने केलेली मेहनत वाया जाते.

अस्सलपणाचा प्रश्न

२०२१ साली केंद्र शासनाने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांच्या नोंदणीसाठी नियम केले. त्यांनुसार वाहन मूळ स्वरूपात असावे लागते आणि त्याच्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. असे वाहन रस्त्यावर रोजच्या वापरासाठी नेता येत नाही. प्रदर्शन, संचलन, इंधन व दुरुस्ती अशा ठराविक कारणांसाठीच नेता येते. परंतु त्या थोड्या प्रवासातही मागून येणारी मालमोटार तीच असते. म्हणून अस्सलपणाच्या नावाखाली मुका खटका बाळगणे शहाणपणाचे नव्हे.

मूळ डबी राखून आतील स्प्रिंग व संपर्कबिंदू नवे घालणे हा उत्तम मार्ग होय. ते शक्य नसल्यास नवा खटका मूळ छिद्रांतच बसवावा, सांगाड्यास नवे छिद्र पाडू नये आणि काढलेला भाग चिठ्ठी लावून जपून ठेवावा. जो बदल उद्या पुसून टाकता येतो, त्याने वाहनाचा इतिहास बिघडत नाही.

करून पाहा

संध्याकाळी उभ्या मोटारसायकलीचा मागील भाग भिंतीकडे करून पायटा सावकाश दाबा. भिंतीवर तांबडा उजेड आधी पडतो की पायाला ब्रेकचा ताण आधी जाणवतो, ते पाहा. वाहनास अँपिअरमापक असल्यास त्याच क्षणी त्याचा काटा कोणत्या बाजूस व किती हलतो, हेही वहीत नोंदवा. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर केलेल्या अशा दोन नोंदी शेजारी ठेवल्या, म्हणजे खटक्याची प्रकृती आपोआप कळून येईल.