नेट नसताना गिटची गाठ कशी न्यावी?

व्यापारी बांधवांच्या घरातील शिकलेली मुले आता बिलाचे प्रोग्रॅम स्वतः लिहू लागली आहेत. कापडाचे दर, शिलाई व भरतकामाची मजुरी, उधारीची मुदत असे सर्व काही त्यात बसवलेले असते. यासाठी बहुतेक जण ‘गिट’ हे मोफत साधन वापरतात. लिनस टोरवाल्ड्स यांनी ते २००५ साली तयार केले. ते चालवायला इंटरनेट लागते असा अनेकांचा समज आहे, पण तो खरा नाही.

गिटचे भांडार म्हणजे रोकडवहीच समजा. कोणता बदल कोणी, केव्हा व का केला, याची नोंद तेथे राहते. आपण वहीत ‘मागील पानावरून पुढे’ म्हणून शिल्लक आणतो, तशी गिटची प्रत्येक नोंद आधीच्या नोंदीचा चाळीस अक्षरी क्रमांक आपल्या पोटात ठेवते. मधले एक पान कोणी बदलले की पुढच्या सर्व पानांचे क्रमांक बदलतात. तुरपाईचा दर कोणी कमी केला यावरून उद्या भागीदारांत किंवा कारागिराशी वाद झाला, तर हा इतिहासच साक्षीदार. मुदतीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश सूरह बकरातील ज्या आयतीत आहे, ती कुरआनातील सर्वांत लांब आयत आहे. लिखापढी हे किरकोळ काम नव्हे, एवढे तरी त्यावरून आपल्याला कळावे.

आता समजा, जुना सर्व्हर अहमदनगरच्या कापड बाजारातील दुकानात आहे व नवा अकोले तालुक्यात राजूरच्या शाखेत न्यायचा आहे. (जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. बाजाराच्या तोंडी मात्र अजून नगरच आहे.) डोंगरात रेंजचा भरवसा नाही, आणि हिसाबाचे संगणक मुद्दाम नेटपासून दूर ठेवलेले. मग पेन ड्राइव्हच उरतो.

येथे घाई नडते. फोल्डर उघडून दिसतील त्या फाइली उचलल्या की सर्व आले असे वाटते. पण इतिहास ज्या फोल्डरात असतो तो विंडोजमध्ये लपलेला असतो. तो मागे राहतो व हाती फक्त आजचे पान येते. माल आला, बिल्टी नाही, अशी गत.

यावर गिटमध्येच ‘बंडल’ची सोय आहे. कापडाची गाठ बांधावी तसा सर्व इतिहास एकाच फाइलीत बांधला जातो. आधी जुन्या सर्व्हरवर लिहिणे बंद करावे. ज्याच्या संगणकावर अर्धे काम पडले असेल त्याने ते नोंदवून सर्व्हरवर पाठवावे, कारण न नोंदवलेले काम गाठीत येत नाही. मग ‘गिट बंडल क्रिएट’ ही आज्ञा, तिच्यापुढे गाठीचे नाव व शेवटी दोन आडव्या रेघा जोडून ‘ऑल’ लिहावे. ‘ऑल’ विसरला तर काही शाखा गाठीबाहेर राहू शकतात. पेन ड्राइव्ह जुन्या फॅट-३२ पद्धतीचा असेल तर ४ जीबीची एक फाइल त्यावर मावत नाही, हेही पाहावे.

राजूरला गाठ आधी संगणकावर उतरवावी व ‘गिट क्लोन’ने उघडावी. सर्व्हरसाठी ‘मिरर’ हा शब्द जोडावा, म्हणजे सर्व शाखा व खुणा जशाच्या तशा येतात. नंतर ‘गिट एफएससीके’ चालवून आतला माल तपासावा. आम्हाला सर्वांत पसंत पडलेली तपासणी मात्र साधी आहे. दोन्हीकडे मुख्य शाखेच्या शेवटच्या नोंदीचा क्रमांक काढावा व फोनवरून वाचून दाखवावा. अक्षरे जुळली तर त्या नोंदीमागचा इतिहासही तोच.

नवा सर्व्हर आपले मूळ म्हणून त्या गाठीकडेच बोट दाखवत असतो. ती जोडणी काढून टाकावी, नाहीतर पुढे कोणी त्याच जागी दुसरी गाठ ठेवून ओढली तर नव्या शाखांवर जुन्या शाखा बसतील. सर्व्हरच्या सेटिंग व ‘हुक’ नावाच्या छोट्या आज्ञावल्या गाठीत येत नाहीत, त्या वेगळ्या न्याव्या लागतात. काम करणाऱ्यांच्या संगणकांवरही नवा पत्ता घालावा.

दोन दुकाने कायम नेटशिवाय चालवायची असतील तर दरवेळी पूर्ण गाठ नको. मागच्या नोंदीपासून पुढचेच बांधता येते. अशी गाठ मागची पोहोचली असेल तरच उघडते. ‘गिट बंडल व्हेरिफाय’ लगेच सांगते की मधले काय आलेले नाही.

गाठीला कुलूप नसते. ज्याच्या हाती पेन ड्राइव्ह लागेल तो गिऱ्हाइकांची नावे व उधारीही वाचू शकतो, जर ती भांडारात असतील. ही लोकांची अमानत आहे. एसटीच्या पार्सलने पाठवण्यापेक्षा घरचा माणूस पाठवावा, फाइलीला पासवर्ड घालावा, आणि काम झाल्यावर पेन ड्राइव्ह पुसावा. जुना सर्व्हर मात्र लगेच पुसू नये. नव्या जागी एका महिन्याचा हिसाब बरोबर निघेपर्यंत तो बंद करून कपाटात ठेवावा.