आधी त्या पोराचं बघ

मलकापूर

चि. छकुलीस,

फोन केला असता तर मी चिडले असते आणि तूही उलट बोलली असतीस, म्हणून लिहिते आहे. परवा दुपारी पलीकडची सून मोबाइल घेऊन आली. शिक्षकांच्या कुठल्याशा गटावरून फिरत फिरत तिच्याकडे आलेला व्हिडिओ. तिसरीतला पोरगा, हातात पुस्तक, 'स्वच्छ'पाशी अडकलेला. 'स्व' म्हणतो, थांबतो, परत ओळीच्या सुरुवातीला जातो. मागून कुणीतरी हसतं. खाली लिहिलंय, 'तिसरीची परिस्थिती बघा,' आणि त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. ती म्हणाली, "आत्या, हा आवाज तुमच्या छकुलीचा आहे म्हणतात." मी पुन्हा पुन्हा लावून ऐकला. कधी तुझा वाटला, कधी नाही. रात्री झोप लागली नाही.

तो तूच काढलास का? एवढं मला सरळ सांग.

त्या पोराचा चेहरा स्पष्ट दिसतो गं. अंगात शाळेचा गणवेश, मागे भिंतीवर तू आंतरवासितेला आहेस त्या शाळेचं नाव. उद्या त्याच्या आईला बाजारात कुणी तो दाखवला तर ती माय काय करील? तुझ्या बापाच्या तिसरीतली गोष्ट तुला ठाऊक आहे, ती मी पुन्हा काढत नाही. जिनिंगच्या आवारातल्या सरकीच्या ढिगामागे तो का लपून बसायचा, हे आपल्या घरात सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा हसणारे एका वर्गापुरते होते. आता किती, याचा हिशेब लागत नाही.

तू म्हणशील, आत्याला मोबाइलचं काही कळत नाही. तसं नाही. शिक्षक होणाऱ्या पोरीनं आतापासून राज्यभरच्या शिक्षकांशी ओळख ठेवावी, हे तुला पहिल्यांदा मीच सांगितलं होतं. डी.एल.एड.ला गेलीस तेव्हा दादा म्हणाला, पोरगी दिवसभर फोनवर असते, आणि मी तुझी बाजू घेतली. म्हणून तर आता जास्त लागतं.

तुझ्या फोनवर डिसले गुरुजींचा फोटो असतो. ठेव, चांगलं आहे. पण त्यांच्या कामाचा क्रम बघ. माढा तालुक्यातल्या परितेवाडीला ते गेले, तेव्हा पोरांच्या घरी कानडी आणि पुस्तक दुसऱ्याच भाषेत. आधी ते कानडी शिकले, धडे पोरांच्या भाषेत केले, पुस्तकात क्यूआर कोड घातले. ते एका खेड्यातल्या पोरांसाठी होतं. मग ती गोष्ट बालभारतीच्या पुस्तकांपर्यंत गेली, पोरं पडद्यावरून दुसऱ्या देशांतल्या मुलांशी बोलू लागली. 2020 च्या डिसेंबरात दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला, तर अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या 9 शिक्षकांना वाटून दिली. बक्षिसाची बातमी सगळ्यांना पाठ आहे. मला त्यातलं कानडी शिकणं मोठं वाटतं.

आणि साताऱ्याजवळच्या शाळांचं कुमठे बीट. प्रतिभा भराडे बाईंनी तिथं पोरांना खेळत, हाताळत, स्वतः जुळवत शिकू दिलं, तेव्हा राज्यातले शिक्षक गाड्या करून बघायला जात होते. 22 जून 2015 च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'च्या सरकारी निर्णयानंतर तर जो तो एकमेकांची शाळा बघत होता, शिक्षकांचे गट धडाधड निघाले. त्यातून किती साहित्य घरोघर पोचलं! दुसऱ्याच्या वर्गात डोकावायला मिळणं ही शिक्षकाची केवढी मोठी गरज आहे, हे ज्याला ते कधी मिळालं नाही त्यालाच कळतं.

मला नाही मिळालं. मोताळ्याकडच्या द्विशिक्षकी शाळेत मी रुजू झाले, तेव्हा दुसरे गुरुजी निम्मा महिना तालुक्याच्या कामात. चार वर्ग एका खोलीत. हातच्याची वजाबाकी शिकवताना पोरं वरच्या आकड्यातून खालचा न घेता मोठ्यातून लहान काढून मोकळी व्हायची, 52 वजा 27 चं उत्तर 35. का करतात हे मला समजेना आणि विचारायला कुणी नव्हतं. केंद्रावरच्या बैठकीत तक्ते भरण्यात दिवस जायचा. एका रात्री कंदिलाशी बसून 'जीवन शिक्षण' मासिकाला लांबलचक पत्र लिहिलं, सगळी अडचण मांडली. ते टाकलंच नाही. वाटलं, आपण एवढ्याशा खेड्यातल्या, आपल्याला कोण उत्तर देणार. ते पत्र अजून ट्रंकेत आहे. पुढे वर्षं गेल्यावर काड्यांचे गठ्ठे सोडून-बांधून दाखवायचं सुचलं. पण मधल्या वर्षांतली ती पोरं गेली ती गेलीच. गणित आपल्याला येत नाही म्हणत वावरात गेली.

लग्नानंतर काही वर्षं आपल्या अमरावतीत राहिलेल्या ताराबाई मोडकांनी गिजुभाई बधेकांच्या बालशिक्षणाच्या कामाबद्दल ऐकलं आणि हातचं मुख्याध्यापकपद सोडून 1923 मध्ये त्या भावनगर गाठून मोकळ्या झाल्या. पुढे 1933 पासून मराठीतून 'शिक्षणपत्रिका' चालवली, ती गावोगावच्या शिक्षकांनी वाचली. फोन नव्हता तेव्हाही माणसं एकमेकांना शोधत होती. तुला तर ते अंथरुणात पडल्या पडल्या मिळतं.

मग त्या पोराला असं उघड्यावर का आणायचं?

दाखवायचं नसतं, विचारायचं असतं, बेटा. तिथं असं लिही: तिसरीतला मुलगा आहे, सगळी अक्षरं ओळखतो, काना-मात्रा-वेलांटीत चुकत नाही, जोडाक्षर आलं की थांबतो आणि ओळ पहिल्यापासून धरतो, ऐकून तोच शब्द बरोबर म्हणतो, मी अमुक करून पाहिलं, जमलं नाही, पुढं काय करू? बघ, गोंदियापासून सिंधुदुर्गापर्यंत कुणीतरी उत्तर देईल. त्यात ना त्याचं नाव, ना गाव, ना चेहरा. 'असर'वाले 2005 पासून खेडोपाडी पोरांचं वाचन तपासतात. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट असं सगळं वाचून घेतात, आकडे जगाला सांगतात, पण कुठलं पोर कुठं अडकलं ते छापत नाहीत. आता तर कायदाही आहे. 2023 च्या वैयक्तिक माहितीच्या कायद्यात 18 वर्षांखालच्या मुलासाठी आईबापाची संमती आवश्यक धरली आहे. पण कायद्याच्या भीतीनं तू थांबावंस असं मला नको आहे.

उत्तरं आली की तीही जशीच्या तशी उचलू नकोस. पुण्याकडचे शिक्षक जूनच्या मध्यात शाळा उघडल्याचे फोटो टाकतात, तेव्हा आपल्याकडं उन्हानं दारं बंदच असतात. इथल्या पोराच्या तोंडची बोली वेगळी, त्याचे आईबाप वेचणीला गेले की तो धाकट्याला सांभाळतो. आयतं टाचण तुझ्या वहीत छान दिसेल, त्या पोराला त्याचा काही उपयोग नाही. तुला काही जमलं, तर तेही त्या गटावर लिहीत जा, फसलं तर फसल्याचंही. नुसतं घेत राहणाऱ्याला पुढे कुणी मनापासून देत नाही.

आणि टीईटीचा, शिक्षक पात्रता परीक्षेचा, पेपर मिळवून देतो म्हणणारा गट दिसला तर त्याच क्षणी बाहेर पड. 2019-20 च्या परीक्षेतल्या घोटाळ्यात 7,500 हून अधिक उमेदवार बाद झाले. अधिक लिहीत नाही.

जास्त बोलले असेन. तू नसशीलही काढला तो व्हिडिओ. तुझ्या वर्गातल्या कुणी काढला असेल, तू नुसती उभी असशील. तरी त्या पोराजवळ जा. आंतरवासितेचे दिवस संपायच्या आत रोज थोडा वेळ त्याच्याशेजारी बस, मोबाइल पिशवीत ठेवून. त्याला शब्द तोडून देऊ नकोस, पुरा म्हणून दाखव, मग त्याला म्हणू दे. गटाला सांगून तो व्हिडिओ काढून टाकायला लाव. काढून टाकला नाही तर मला सांग, मी येते बुलढाण्याला, आपण दोघी मिळून बोलू त्यांच्याशी. तुला एकटीला पाठवणार नाही.

तुझा घसा बसलाय असं वहिनी म्हणत होती. पहिल्या पहिल्यांदा सगळ्यांचाच बसतो, मोठ्यानं बोलायची सवय नसते. ज्येष्ठमध आणि खडीसाखर वहिनीच्या हाती दिली आहे. रविवारी घाट उतरून ये. तुझे ते गट मलाही दाखव, मला त्यांत कुणाला काहीतरी विचारायचं आहे. ट्रंकेतलं पत्र काढून ठेवते, टाइप तू कर.

तुझी
आत्या