डेटिंग शोमध्ये जाऊ का?

प्रश्न : मी २६ वर्षांचा, कळमेश्वर एमआयडीसीत नोकरीला आहे. मला ऑटिझम आहे. एका डेटिंग रिॲलिटी शोच्या ऑडिशनसाठी बोलावणं आलंय. आई नको म्हणते. जाऊ का?

उत्तर : निर्णय तुमचाच, पण आधी शोचा साचा बघा. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू झालेली ‘लव्ह ऑन द स्पेक्ट्रम’ ही मालिका ऑटिस्टिक व्यक्तींनाच केंद्रस्थानी ठेवते. तरीही, प्रौढांना ती लहान मुलांसारखं दाखवते, अशी टीका झालीच. ‘स्प्लिट्सविला’सारख्या शोचा तर डोलाराच स्पर्धा आणि भांडणांवर उभा असतो.

उत्तर देताना तुम्ही चार सेकंद थांबलात, नजर वळवलीत, की एडिटिंगमध्ये त्याखाली विनोदी संगीत घालता येतं. म्हणून करार वकिलाला दाखवा : फुटेजवर हक्क कुणाचा? मध्येच बाहेर पडल्यास दंड किती? दिवसाचं वेळापत्रक, शांत खोली आणि सोबतीची परवानगी लेखी मागा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे; सोय मागण्यात संकोच कसला? टाळाटाळ झाली किंवा ‘नोंदणी फी’ मागितली, तर सरळ नकार द्या.

तुमची फजिती झालेली क्लिप कंपनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरली, तर चालेल? ‘हो’ असेल तर आईला करार वाचून दाखवा आणि खुशाल जा. फक्त जोडीदारच हवा असेल, तर कॅमेऱ्याची गरज नाही.