वीणा जुळवणे : दुरून शिकणाऱ्यांसाठी घरची तयारी

सन २०२० साली टाळेबंदी झाली, संतांच्या पादुका बसमधून पंढरीस गेल्या, आणि आमची शिकवणीही त्याच वर्षी मोबाईलच्या पडद्यावर गेली. साथ सरली तरी ही रीत राहिली. आपल्या बीड जिल्ह्यात तर तिची गरजच आहे. दसरा-दिवाळी झाली की इकडची माणसे कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडी परत येतात. माझा एक विद्यार्थी असाच आईवडिलांबरोबर जातो आणि फडावरच्या कोपीतून आठवड्याला एकदा माझ्याकडे वीणा शिकतो. त्याला शिकवताना मलाच जे कळले, ते येथे देतो.

वीणा काय, बोटाने तारा छेडायच्या, असे पुष्कळांस वाटते. छेडणे चार दिवसांत येते. जुळवायला वर्षे लागतात. समोर बसलेल्या शिष्याची खुंटी गुरू हात लांबवून पिळून देतो. मोबाईलवर ती सोय नाही. म्हणून पाठाला बसण्यापूर्वी वीणा आपली आपणच जुळवली पाहिजे.

पाठाच्या तासभर आधी वाद्य गवसणीतून काढावे. गारठ्यातून उबेत आणलेली वीणा लगेच स्वर धरून राहत नाही. दंवाने खुंटी फुगून घट्ट बसते, तेव्हा जोर करू नये, हळूहळू मोकळी करावी. आपल्याकडच्या वैशाखात तीच आक्रसून घसरते. तिला थोडी खडूची पूड लावावी. भोपळा उन्हात ठेवू नये, चुलीजवळ तर नाहीच. जाताजाता सांगतो. मिरजेस गेल्या शतकाच्याही आधीपासून, फरीदसाहेब सितारमेकरांच्या वेळेपासून, तंबोरे होतात. २०२४ साली तेथील सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. त्या वाद्यांचे भोपळे पिकतात ते आपल्या पंढरपूर भागात. माझ्या विद्यार्थ्याने आपली वीणा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून दोन गोधड्यांत गुंडाळून नेली, हे मला फार आवडले.

आता जुळवणी. तारा चार: पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडीच्या षड्जाच्या, चौथी पितळेची, खर्जाची. पेटीवर आपल्या गळ्याचा षड्ज धरून जोडीची एक तार त्याला मिळवा. मग दुसरी. दोन तारांत अंतर असले की नादात वांऽ वांऽ अशी लहर उठते. जवळ येऊ लागल्या की लहर संथ होते, आणि मिळाल्या की थांबते. ती थांबली हे कानाला कळेपर्यंत पुढे जाऊ नका. नंतर पंचम, शेवटी खर्ज. बारीक फरक खुंटीने काढायचा नाही. तो मण्याने काढायचा. मग घोडीवरचा दोरा केसभर सरकवून बघायचा. एका जागी नाद एकदम उघडतो, तीच जवारी. मोबाईलवर स्वर दाखवणारा काटा मिळतो, तो षड्जापुरता खुशाल बघावा. त्यानंतर मोबाईल पालथा घालावा, नाहीतर डोळेच जुळवणी करतात आणि कान रिकामे राहतात.

आता माझी चूक सांगतो. पहिल्या पाठाला त्याने तारा छेडल्या. एक झणत्कार ऐकू आला आणि पुढे शांत. मी म्हणालो, “हात का थांबवतोस?” “महाराज, हात चालूच आहे.” असे तीनदा झाले. मी रागावलो, आळशी म्हणालो. पुढच्या आठवड्यात पोरगा आलाच नाही. नंतर घरच्या नातवाने उलगडा केला. ही यंत्रणा बोलण्यासाठी केलेली. जो आवाज एकसारखा चालू राहतो तो पंख्याचा वा मोटारीचा गोंगाट समजून ती दाबते. वीणेचा नाद तर अखंडच! ज्याच्या आधारावर सगळे कीर्तन उभे, तोच यंत्राने केर म्हणून काढला होता. मी फडावर फोन लावला. “पोरा, चूक माझी, तुझा हात बरोबर होता,” म्हणालो. पलीकडे बराच वेळ कोणी बोलले नाही. मग तो म्हणाला, “महाराज, उद्या बसू का?”

तेव्हा हे आधी करावे. झूमवर ‘ओरिजिनल साऊंड’ म्हणून सोय आहे, ती चालू करावी. मोबाईल दोन हात दूर, उंचीवर ठेवावा. भोपळ्याला टेकवू नये. कानात इयरफोन घालावा, म्हणजे गुरूचा आवाज फिरून परत जात नाही. दोघांनी एकदम वाजवू-गाऊ नये, कारण आवाज पोचायला क्षणाचा उशीर होतो आणि लय मोडते. शिष्य वाजवील तेव्हा गुरूने गप्प बसावे. आम्हा कीर्तनकारांना हे जड जाते, असो! जिथे रेंज धड नाही तिथे जुळवलेली वीणा मोबाईलवरच दोन मिनिटे मुद्रित करून आधी पाठवून द्यावी.

परवा पहाटे चारला, फडात जाण्याआधी, त्याने तसे पाठवले. मागे बैलाच्या घुंगरांचा आवाज होता. जोड मिळाली होती, खर्जही चांगला. पंचम किंचित उतरला होता, तेवढे कळवले.