एक खेळ, एक नियम

मुलांनो, शाळेच्या अंगणात दोरी बांधून तुम्ही बॅडमिंटन खेळला असाल. शटल रेषेवर पडले की लगेच वाद होतो. एक म्हणतो, ‘आत’. दुसरा म्हणतो, ‘बाहेर’. नियम सांगतो की रेषेवर पडलेले शटल आत धरावे. हा नियम कोणी केला? तो सर्व देशांनी का मानावा?

एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या छावणीतील इंग्रज अधिकारी हा खेळ खेळत. त्यामुळे त्याला ‘पूना’ असेही म्हणत. पुढे तो इंग्लंडमध्ये रुजला. तेथे 1893 साली संघटना स्थापन झाली. 1934 साली नऊ देशांनी मिळून आंतरराष्ट्रीय संघटना काढली. त्याच वर्षी भारतीय बॅडमिंटन संघटना स्थापन झाली आणि 1936 मध्ये भारत आंतरराष्ट्रीय संघटनेत सामील झाला. 2006 मध्ये या संघटनेने ‘बॅडमिंटन जागतिक महासंघ’ हे नाव घेतले. तिचे मुख्य कार्यालय मलेशियातील क्वालालंपूर येथे आहे. सदस्य देशांच्या संघटना सभेत मतदान करून महत्त्वाचे निर्णय घेतात.

या व्यवस्थेमुळे काय होते? दुहेरीच्या मैदानाची लांबी 13.40 मीटर आणि रुंदी 6.10 मीटर असते. पिसांच्या शटलला 16 पिसे असतात. हे माप नांदेडमध्ये असते, तेच डेन्मार्कमध्येही असते.

आता समजा, नांदेडच्या एका शाळेतील मुलीला भारतातर्फे खेळायचे आहे. तिच्यापुढे दोन वाटा आहेत. पहिली वाट शालेय स्पर्धांची. या स्पर्धा शासनाचा क्रीडा विभाग घेतो. जिल्ह्यात जिंकल्यावर ती विभागीय स्पर्धेत जाते. नांदेड आणि लातूर हे दोन्ही जिल्हे लातूर विभागात येतात. तेथून पुढे राज्य आणि मग राष्ट्रीय शालेय स्पर्धा. दुसरी वाट संघटनेची. जिल्हा संघटना, महाराष्ट्र संघटना, भारतीय संघटना अशा पायऱ्या चढत ती वर जाते. त्यापुढे आशियाची संघटना आणि सर्वांत वर जागतिक महासंघ.

प्रत्येक पायरीवर वयाचा पुरावा द्यावा लागतो. कोणी वय कमी दाखवून खेळला, तर खरोखर लहान असलेल्या खेळाडूची जागा जाते. म्हणून जन्मतारखेचा दाखला हाही खेळाच्या न्यायाचा भाग आहे.

वरच्या पायरीवर भांडण झाले तर काय होते, तेही पाहा. 1978 साली आशिया व आफ्रिकेतील काही देशांनी वेगळी जागतिक संघटना काढली. चीन आणि तैवान यांच्या सदस्यत्वाचा प्रश्न हे त्याचे एक मोठे कारण होते. एकाच खेळाच्या दोन निरनिराळ्या जागतिक स्पर्धा होऊ लागल्या. मग खरा विश्वविजेता कोण? भांडण पदाधिकाऱ्यांचे होते, पण नुकसान खेळाडूंचे झाले. 1981 साली दोन्ही संघटना एक झाल्या. त्याच वर्षी क्वालालंपूरच्या विश्वचषक स्पर्धेत आपल्या प्रकाश पदुकोण यांनी अंतिम सामन्यात चीनच्या हान जियान यांना हरवले. 1992 साली बार्सिलोना येथे बॅडमिंटनला ऑलिंपिक पदके मिळू लागली.

आपल्या देशातही संघटनांच्या कारभारासाठी संसदेने 2025 साली राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला. राष्ट्रीय संघटनेच्या कार्यकारिणीत किमान चार महिला असाव्यात, असे त्यात म्हटले आहे. खेळातील तंटे सोडवण्यासाठी न्यायाधिकरणाचीही तरतूद त्यात आहे.

मुलांनो, टाळ्या खेळाडूला मिळतात आणि ते योग्यच आहे. पण रेषा आखणारा, गुण मोजणारा, अर्ज तपासणारा माणूस प्रामाणिक नसेल, तर चांगला खेळाडूही हरतो. तुमच्या वर्गाच्या सामन्यात पंच व्हायची पाळी आली, तर हे लक्षात ठेवा.

शब्दार्थ
छावणी – सैन्य राहते ती जागा
कार्यकारिणी – कारभार पाहणारे निवडक सदस्य
न्यायाधिकरण – ठरावीक विषयांतील तंट्यांचा निवाडा करणारी संस्था
पंच – सामन्यात निर्णय देणारा

स्वाध्याय
1. शटल रेषेवर पडले तर नियम काय सांगतो?
2. खेळाडूने वयाचा खरा पुरावा का द्यावा?
3. ‘भांडण पदाधिकाऱ्यांचे, नुकसान खेळाडूंचे’ असे लेखक का म्हणतो?
4. तुमच्या वर्गातील बॅडमिंटन सामन्यासाठी पाच नियम लिहा.