हिरव्या-पांढऱ्या पानांचा वेल



आपल्या वर्गाच्या खिडकीत जो मनीप्लँट आहे, त्याची माहिती मी देत आहे. हा वेल घरोघरी दिसतो, पण तो मूळचा आपला नाही. त्याचे गाव प्रशांत महासागरातले मोरेआ बेट. शास्त्रीय नाव एपिप्रेम्नम ऑरियम. कुळ मात्र ओळखीचे, अळू आणि सुरणाचे. बाटलीत याचे पान तळहाताएवढे राहते. तोच वेल बागेत आंब्याच्या खोडावर चढला की पाने सुपाएवढी होतात.

याची खरी गंमत पानांवरच्या पांढऱ्या पट्ट्यांत आहे. आजी म्हणते, "कुणी चुना उडवलाय जणू!" पण तो वरून लागलेला रंग नव्हे. तिथे हरितद्रव्यच नसते, आणि हरितद्रव्य नाही तर अन्न तयार होत नाही. हे खरे का, ते पाहायला बाईंनी वर्गात प्रयोग केला. सकाळपासून उजेडात असलेले एक पान दुपारी तोडले. पांढरा भाग कुठे कुठे आहे ते आम्ही कागदावर आखून घेतले. मग पान उकळत्या पाण्यात घातले आणि नंतर स्पिरिटच्या नळीत. स्पिरिट पेट घेते, म्हणून नळी जाळावर न धरता गरम पाण्याच्या भांड्यात उभी केली. हळूहळू हिरवा रंग स्पिरिटमध्ये उतरला नि पान फिकट पडले. ते धुऊन त्यावर आयोडीनचे थेंब टाकले. जिथे आधी हिरवे होते तिथे निळे-काळे झाले, म्हणजे तिथे पिष्ट आहे. पांढऱ्या जागी नुसता आयोडीनचा तपकिरी डाग राहिला. आमची आकृती नि ते पान अगदी जुळले!

म्हणजे एकाच पानात काही भाग कमावणारा आणि काही भाग बसून खाणारा. म्हणूनच साध्या हिरव्या झाडापेक्षा याला उजेड जास्त लागतो. अंधाऱ्या माजघरात ठेवला तर नवी पाने हिरवीच येऊ लागतात. नुसती हिरवी फूट दिसली की ती कापावी, कारण ती जोमाने वाढून बाकीच्या वेलाला मागे टाकते. कडक ऊनही नको, पांढरा भाग आधी करपतो. पूर्वेची खिडकी उत्तम.

कुंडीत बोट खुपसून पाहावे, माती कोरडी लागली तरच पाणी घालावे. रोज तांब्याभर ओतले की मुळे कुजतात.

बाटलीतल्या वेलाचे मात्र नीट ऐका. पावसाळ्यात आशाताई तपासणीला आल्या, तेव्हा आमच्या आळीत एका घरी मनीप्लँटच्या बाटलीत अळ्या वळवळताना सापडल्या. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. घरचे बाबा म्हणाले, "टाका उकिरड्यावर!" आशाताई म्हणाल्या, "टाकू नका हो, दर आठवड्याला पाणी बदला." नुसते पाणी ओतून भागत नाही. अंडी काचेला चिकटून राहतात, म्हणून बाटली आतून घासायची, मग तोंडाला फडके बांधायचे.

अळूसारखी यालाही खाज असते. पानात सुईसारखे बारीक स्फटिक असतात. तोंडात गेले तर जीभ नि ओठ सुजतात. रांगते बाळ आणि शेरडे यांच्यापासून वेल उंच ठेवावा.

हा वेल चोरून आणला तरच घरात पैसा येतो, असे लोक म्हणतात. वर्गातल्या वेलाच्या तीन फांद्या अशाच गेल्या आहेत! नेणाऱ्याने नुसती पाने खुडून नेली असतील तर ती पाण्यात मुळे धरतील, पण वेल होणार नाही. फांदी पेराच्या खाली कापावी लागते, कारण नवा कोंब पेरातूनच फुटतो. कुणाला हवी असेल तर शनिवारी शाळा सुटल्यावर बाईंकडे मागावी, मी कापून देईन.

— एक विद्यार्थी, इयत्ता सातवी